चव्वेचाळीस नंबर

एकोणीसशे एक्क्याण्णव साल होतं आणि साहेब एकोणपन्नास वर्षांचे होते. खासदार होऊन त्यांना जेमतेम महिना झाला असेल, तेवढ्यात त्यांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याला हातात पितळेचं टोकन देऊन व्हरांड्यात बसवलं.

टोकन नंबर एकोणीस. मेहुणे साताऱ्याकडून दीड दिवस गाडीत बसून दिल्लीला आलेले, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मला म्हणाले, "अरे, मी माधवराव. आत सांग जाऊन."

मी म्हटलं, "सांगायची सोय नाही. तुमच्या आधी अठरा जण आलेत."

मेहुण्यांनी पुढचा दीड तास रागारागानं पेढे खाल्ले. नंबर आला तेव्हा पुडा निम्मा झाला होता. आत जाऊन म्हणाले, "दिनकरराव, माझं काम काही नव्हतं. नुसता भेटायला आलो होतो."

साहेबांनी टोकन परत घेतलं, पुसलं, पेटीत ठेवलं. म्हणाले, "मग मागच्या दारानं घरात जायचं. हे ऑफिस आहे. प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर." आणि मला हाक मारली, "सावळाराम, पुढचा नंबर!"

सावळाराम म्हणजे मी. शाळा तिसरीपर्यंत, पण पाच वर्षांत माझ्या हातून एक नंबर मागेपुढे झाला नाही. मंत्री येवो की माळी येवो.

या टोकनांचं मूळ बँकेत आहे. साहेब आमच्या बँकेच्या दिल्ली शाखेचे मॅनेजर आणि मी शिपाई. तेव्हा चेक काउंटरवर दिला की त्याच्या बदली पितळेचं गोल टोकन मिळायचं, नंबर कोरलेलं. ते घेऊन बाकावर बसायचं. कॅशियरनं नंबर पुकारला की उठायचं. मग पंच्याऐंशीच्या पुढं वारं फिरलं. बाहेरच्या देशांतल्या बँका आल्या, त्यांच्या काचेच्या दारात पोरी उभ्या राहून 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागल्या. आमच्या हेड ऑफिसलाही तसंच नटावंसं वाटलं. बाक गेले, सोफे आले, कॉम्प्युटर आले आणि टोकनं भंगारात निघाली. साहेबांनी ती पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून परत उतरवून घेतली. शंभर टोकनं असायला हवी होती. भरली नव्व्याण्णव. चव्वेचाळीस नंबर नव्हता.

कुणीतरी गिऱ्हाईक कधीतरी टोकन घेऊन बसलं होतं आणि नंबर पुकारायच्या आत उठून गेलं होतं. झालं असेल काही. दुसरा एखादा मॅनेजर विसरला असता. साहेब विसरले नाहीत. पुढं बंगल्यावर रोज सकाळी नऊला खुर्चीत बसले की सगळ्यात आधी मोठ्यानं पुकारायचे, "चव्वेचाळीस!" थोडं थांबायचे. दाराकडे बघायचे. कुणी आलं नाही की मग, "एक नंबर!"

शेजारच्या बंगल्यातला माळी मला विचारायचा, "आपके साहब ये कौन सा मंतर पढ़ते हैं?"

मी एकदा साहेबांना म्हटलं, "तो माणूस आता मेला असेल."

साहेब म्हणाले, "टोकन घेऊन गेलाय ना? म्हणजे त्याचं काम राहिलंय. येणार. टोकन खिशात असलं की माणूस परत येतो."

असा माणूस राजकारणात गेला कसा, हे विचाराल. गेला नाही, ढकलला गेला. घराणं सरमुकादमांचं. त्यांच्या गावात चौकाला आजोबांचं नाव, शाळेला वडिलांचं, पुलाला चुलत्यांचं. साहेबांच्या वाट्याला नाव द्यायला काही उरलं नाही म्हणून ते बँकेत गेले, असं बाईसाहेब म्हणायच्या. मग खासदार असलेले चुलते वारले. चुलतभाऊ तेव्हा अजून कॉलेजातून बाहेर पडत होता, वर्षामागून वर्ष पडतच होता. उभं करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. साहेबांनी राजीनामा दिला तसा मीही दिला. लोक म्हणाले, सावळाराम, वेडा झालास. मी कुणाला उत्तर दिलं नाही. देत नसतो.

पहिल्या सभेला मी मंचामागेच उभा होतो. एक म्हातारा उठून म्हणाला, "आमच्या गावाला पाणी देणार का?"

दुसऱ्या कुणीही 'देणार!' म्हणून सांगितलं असतं. साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "अर्ज केलाय?"

"तीन वेळा केला."

"पोच आहे?"

"नाही."

"मग चौथ्यांदा करा आणि पोच घ्या. कागद पूर्ण असतील तर मी बघतो. नसतील तर नाही."

मंचावरच्या पुढाऱ्यांनी डोक्याला हात लावले. लोक मात्र हसले आणि टाळ्या पिटल्या. निवडून आले ते आजोबांच्या फोटोवर, ते मलाही माहीत आहे. पण तो म्हातारा पुढं दिल्लीला आला होता, पोच घेऊन. टोकन नंबर सात.

संसदेतही तेच. पहिल्या भाषणाला वेळ दिली होती सात मिनिटं. घंटी वाजली तेव्हा साहेब वाक्याच्या मधोमध होते. "म्हणून माझी सरकारला अशी विनंती आहे की" एवढं म्हणून खाली बसले. सगळं सभागृह चाट! कुणीतरी पुढचं विचारलं तर म्हणाले, "काउंटर बंद." विनंती काय होती ते सरकारला अजून कळलेलं नाही.

माणसं पारखायची त्यांची रीतही बँकेचीच. एखादा गोड बोलणारा येऊन गेला की मान हलवायचे. "सही जुळत नाही, सावळाराम." म्हणजे माणूस खोटा. आणि काम फत्ते झालं की दोन्ही हात टेबलावर आपटून, "क्लिअर!" तेव्हा गॅसच्या आणि फोनच्या कनेक्शनला खासदाराची शिफारस लागायची, त्यामुळे दिवसातून पंधरा वेळा क्लिअर व्हायचं. टेबलाचा एक पाय त्यातच गेला.

बाईसाहेब या सगळ्याला वैतागलेल्या. एक दिवस पैठणी नेसून त्या पुढच्या दारानं आल्या, माझ्यापुढे हात केला. म्हणाल्या, "टोकन."

मी म्हटलं, "बाईसाहेब, तुम्ही..."

"दे म्हणते ना!"

बारा नंबर दिला. गॅसवाल्या मंडळींच्या मधे ताठ बसून राहिल्या. नंबर आल्यावर आत गेल्या. मी दारातच होतो. साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "काम काय?"

"आज आपल्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली."

साहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पण सवय जाते कुठं? तोंडातून निघालंच, "कागद?"

बाईसाहेबांनी पर्समधून लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती वाचली. सगळी, खालच्या चिमुकल्या पाहुण्यांच्या नावांसकट. मग उठले, म्हणाले, "सावळाराम, काउंटर बंद." सकाळचे साडेदहा वाजले होते. पाच वर्षांत काउंटर एक वाजायच्या आत तेवढं एकदाच बंद झालं. दोघं इंडिया गेटवर जाऊन आईस्क्रीम खाऊन आले.

आता जे सांगायचं ते सांगतो. असल्याच एका टोकनापायी साहेबांचं तिकीट गेलं. ते टोकन मी दिलं होतं.

शहाण्णवची निवडणूक तोंडावर होती. सकाळी अकराच्या सुमाराला तीन पांढऱ्या गाड्या फाटकात शिरल्या आणि पक्षाचे एक फार बडे नेते उतरले. नाव लिहीत नाही. मी पेटीतून टोकन काढून पुढं केलं. त्यांचा सेक्रेटरी खेकसला, "जानते हो, ये कौन हैं?"

मी म्हटलं, "जानता हूँ. इकतीस नंबर हैं."

बाकावरचं एक माणूस फिस्सकन हसलं. नेते मात्र बसले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. आत तीस नंबर होती. आपल्याकडची एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तिचा मुलगा फौजेत. जखमी होऊन दिल्लीच्या कुठल्यातरी इस्पितळात आणलाय एवढंच तिला कळलेलं. कुठलं इस्पितळ ते ठाऊक नाही. दिल्लीतल्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसमध्ये कुणीतरी तिला साहेबांचा पत्ता दिला होता. साहेब एकामागून एक फोन लावत होते. आवाज बाहेर येत होता.

आता साहेबांच्या प्रोसिजरमध्ये एक सोय होती. फारच तातडीचं असेल तर मी चिठ्ठी आत न्यायची. आत घ्यायचं की नाही ते साहेब ठरवणार. सेक्रेटरीनं चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे धरली. "ए बुड्ढे, अंदर दे के आ."

मी चिठ्ठी घेतली. घडी केली. खिशात घातली आणि जागेवर उभा राहिलो.

चाळीस मिनिटांनी नेते उठले, टोकन बाकावर ठेवून निघून गेले. आतून त्याच वेळी टेबलाचा आवाज आला. "क्लिअर!" पोरगा सापडला होता. म्हातारी रडत बाहेर आली, माझ्याच पाया पडायला लागली. मी आत जाऊन सांगितलं, एकतीस नंबर गेला. कोण ते सांगितलं. चिठ्ठीचं सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "गेला? मग बत्तीसला पाठव."

महिन्यानं यादी लागली. साहेबांच्या जागी चुलतभावाचं नाव. तोवर तो कॉलेजातून बाहेर पडला होता.

बंगला सोडावा लागला. बँकेत असताना साहेबांनी गाझियाबादला कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत एक फ्लॅट नोंदवून ठेवला होता. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो, एवढ्या मोठ्या घराण्याचा माणूस यमुनेपार कुठं राहायला जाणार म्हणून. तिथंच गेले. चौथा मजला, खाली वाटाण्याची शेतं, लिफ्ट आहे पण वीज नाही. मी सामान लावून दिलं. साहेब म्हणाले, "सावळाराम, इथंच राहा." मी म्हटलं, मुलानं गुडगावला बोलावलंय. मुलाला मोटारीच्या कारखान्यात नोकरी होती, हे खरं. पण मला साहेबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, हे जास्त खरं. माफी मागायची तर सांगायला लागणार, मी चिठ्ठी दाबली. आयुष्यात मी कुणाची माफी मागितलेली नाही. आठ महिने मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. दिवाळीलासुद्धा.

जानेवारीत आमच्या खालच्या दुकानात फोन आला. बाईसाहेब होत्या.

"सावळाराम, एकदा येऊन जा रे. काल यांनी गॅसवाल्याला टोकन दिलं."

"मग?"

"मग काय! सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा तो. हे म्हणाले, बैठिए, नंबर आएगा. बसला बिचारा. त्याला आजवर कुणी 'बैठिए' म्हटलं नव्हतं वाटतं. चहा घेऊन गेला. पण अरे, रोज नऊला इस्त्रीचे कपडे घालून बसतात. टोकनं पुसतात. कुणी येत नाही."

"चव्वेचाळीस पुकारतात?"

"ते तर पुकारतातच. समोरच्या मिसेस मल्होत्रांना वाटतं आमचं कुत्रं आहे त्या नावाचं."

दुसऱ्याच दिवशी तीन बसा बदलून गाझियाबाद गाठलं. बरोबर तीळगुळाच्या गजकचा डबा घेतला होता. साहेब गच्चीवर उन्हात चटईवर बसले होते, पुढं मटारचा ढीग, बाईसाहेबांबरोबर सोलत होते. मला बघून उठले नाहीत. नुसते सरकले, चटईवर जागा केली. म्हणाले, "सोल."

मी सोलायला बसलो. साहेब थोडे वाळले होते, पण शेंगा सोलायची पद्धत तीच: आधी आलेली शेंग आधी. ढिगातली वरची उचलली तर हातावर चापट. बाईसाहेब म्हणाल्या, "बघ, असं आहे. संध्याकाळपर्यंत उसळ होत नाही."

अर्धा ढीग संपला. मग शर्टाच्या आतल्या खिशातून ती चिठ्ठी काढली. तेव्हापासून जपून ठेवली होती, का ते मला सांगता येणार नाही. साहेबांच्या पुढ्यात मटारवर ठेवली.

"ही त्या दिवशी आत द्यायची होती. मी दिली नाही. तिकीट माझ्यामुळे गेलं."

साहेबांनी चष्मा लावला. चिठ्ठी वाचली. उलटी करून मागची बाजूही वाचली.

"का दिली नाहीस?"

"तो मला 'ए बुड्ढे' म्हणाला."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. मग ते एवढे हसले की मटारचं भांडं लवंडलं. बाईसाहेबांनाही हसू फुटलं. मी एकटा तोंड पाडून, घरंगळलेले मटार गोळा करत होतो.

"अरे, तेव्हा तू किती वर्षांचा होतास?" साहेब डोळे पुसत म्हणाले. "माझ्याहून चार वर्षांनी लहान! म्हणजे मला काय म्हणाला असता तो?" मग म्हणाले, "चिठ्ठी आत आली असती तरी ती म्हातारी उठेपर्यंत मी कुणाला घेतलं नसतं. तू नुसता एक कागद वाचवलास."

"पण निदान बाहेर येऊन नमस्कार..."

"सावळाराम, मी आठ वर्षांचा होतो." हे सांगताना ते परत सोलायला लागले होते. "वर्गात पहिला आलो. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही हवी होती. आमच्या घरी सकाळी वडिलांना भेटायला शंभर-दीडशे माणसं. दिवाणजी म्हणाले, बाळासाहेब, बसा रांगेत, येईल नंबर. बसलो. माझा नंबर जवळ आला की फाटकात गाडी यायची. कुणीतरी मोठं माणूस उतरून सरळ आत जायचं. तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी वडील मुंबईला निघून गेले."

"मग सही?"

"आईनं केली. वडिलांच्या नावाची." साहेब हसले. "मास्तर वडिलांच्याच शाळेतले. त्यांनी बघितली आणि पुस्तक परत दिलं. सही जुळत नाही म्हणाले."

बाईसाहेब शेंग हातात धरून तशाच राहिल्या. तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यांनीही ऐकली नव्हती. खाली रस्त्यावर कुणाची तरी म्हैस ओरडली. साहेब म्हणाले, "हात चालवा. उसळ व्हायचीय."

उसळ झाली, छान झाली. संध्याकाळी एवढं धुकं उतरलं की समोरची बिल्डिंग दिसेना. बाईसाहेबांनी मला जाऊ दिलं नाही. दिवाणावर गोधडी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून आंघोळ केली. नऊला पाच कमी असताना चपला घालून फ्लॅटच्या बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभा राहिलो. बाहेर धुकं तसंच होतं. आतून आवाज आला, "चव्वेचाळीस!" थोडा वेळ गेला. मग मी बेल वाजवली.

साहेबांनी दार उघडलं. अंगावर इस्त्रीचा कोट. मला बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं. मी पाच वर्षं लोकांना टोकनं दिली, स्वतः कधी घेतलं नव्हतं. कुणापुढे काही मागायला बसायचं, हे मला जमत नाही. मी हात पुढं केला.

साहेबांनी पेटीतून टोकन काढलं. एक नंबर. म्हणाले, "बसा."

मला 'बसा' म्हणाले.

मी चपलांच्या स्टँडवर बसलो. रांगेत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी मला वीस मिनिटं बसवलं. आतून कागद चाळल्याचा आवाज येत होता. कागद एकच होता, कालची चिठ्ठी. स्वयंपाकघराच्या दारातून बाईसाहेब तोंडाला पदर लावून बघत होत्या. मग खणखणीत आवाज आला, "एक नंबर!"

मी आत जाऊन उभा राहिलो.

"काम काय?"

"काम काही नाही. नुसता भेटायला आलो."

मला वाटलं, आता मागचं दार दाखवतील. या फ्लॅटला मागचं दार नव्हतं. साहेबांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. आम्ही एक वाजेपर्यंत बोलत बसलो. चुलतभाऊ संसदेत काय बोलला, काहीच कसा बोलला नाही, गुडगावच्या आमच्या बिल्डिंगीत टँकरच्या रांगेत कोण मधे घुसतं आणि त्याचं काय करावं. एकाच्या ठोक्याला साहेबांनी दोन्ही हात टेबलावर आपटले. "क्लिअर! काउंटर बंद." बाईसाहेबांनी डबा भरून दिला. साहेब जिन्यापर्यंत सोडायला आले, मी नमस्कार केला आणि चारही मजले न थांबता उतरलो.

टोकन मी परत दिलं नव्हतं. ते खिशात घालून मी बस धरली.